डासाची बाजू

(पाथर्डी तालुक्यातल्या तिसगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या व्याख्यानासाठी फोन आला तेव्हा संयोजकांनी विषय विचारला. मी म्हणालो, डास. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते अदबीनं म्हणाले, "सर, आपल्याकडं लोक संतसाहित्य, पाणीप्रश्न असं काहीतरी धरून येतात." मी म्हटलं, हा पाणीप्रश्नच आहे.

पाथर्डी तालुक्यात दारात टिपाड नाही असं घर मला दाखवा. टँकर येणार म्हटलं की टिपाडं, हंडे, कळश्या, कोपऱ्यातला जुना रांजण, सगळं भरून ठेवायचं आणि ते आठ-दहा दिवस पुरवायचं. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्या टिपाडावर वाकून बघा. पाण्याला समांतर, काडी पडावी तशी आडवी अळी दिसली तर ती ॲनोफिलिस. डोकं खाली करून तिरकी लोंबकळत असेल तर क्युलेक्स नाहीतर एडिस. हे मला विद्यापीठात नाही शिकवलं कुणी. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्या आमच्या गुरुजींनी शाळेच्या हौदावर शिकवलं, सातवीत, हातात एक ओरखडे पडलेलं भिंग देऊन. नंतर त्याच हौदात त्यांनी गप्पी मासे सोडले आणि आमच्या अळ्या संपल्या. आम्हा पोरांना त्याचं फार वाईट वाटलं होतं.

तर आज मी डासाची बाजू मांडणार आहे. हसू नका. वकील आरोपीची बाजू मांडतो म्हणून तो चोर होत नाही.

या आरोपीचं नाव ॲनोफिलिस स्टीफेन्साय. शहरी हिवतापाचा आपल्या देशातला मुख्य वाहक. विहीर, टाकी, टिपाड, माणसानं साठवलेलं कुठलंही स्वच्छ पाणी त्याला चालतं. त्याचं बारसं आपल्या महाराष्ट्रातच झालं. अचलपूर, तेव्हाचं वऱ्हाडातलं एलिचपूर. तिथे ग्लेन लिस्टन नावाचा लष्करी डॉक्टर होता. त्यानं वर्षभर ॲनोफिलिसच्या सवयी पाहिल्या, टिपून ठेवल्या आणि १९०१ साली या डासाचं शास्त्रीय वर्णन छापलं. स्टीफेन्स या हिवतापाच्या अभ्यासकाचं नाव त्यानं डासाला दिलं. पुढे मुंबईत प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे दाखवण्यात ज्यांचा वाटा होता, त्यातला एक हाच लिस्टन. प्लेगमुळे त्याचं नाव राहिलं, अचलपूरचं वर्ष विसरलं गेलं. आता हा वऱ्हाडी डास परदेशी गेलाय. २०१२ साली तो आफ्रिकेत जिबुतीला सापडला आणि २०२२ साली इथिओपियात दिरे दावा शहरात भर कोरड्या हंगामात हिवतापाची साथ आली तेव्हा तिच्यामागे तोच होता. आफ्रिकेचे जुने डास पावसाच्या डबक्यांवर जगतात. याला पावसाची गरज नाही, टाकी पुरे. दुष्काळाला सरावलेला डास आहे हा, आपल्यासारखाच.

आता आरोप. एका माणसाचं रक्त पितो, त्यातला जंतू दुसऱ्याला टोचतो. म्हणजे आपल्या मनात डास ही एक उडती सुई आहे. सुईला काही होत नसतं. पण सुई आणि डास यांत एक मोठा फरक आहे. तो जंतू डासालाही नको असतो.

थोडं मागं जाऊ. २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद. रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला डास चावायला लावले. चाव्यामागे एक आणा. आठ डास चावले, आठ आणे दिले. त्यातले उरलेसुरले डास फाडताना रॉसना जठराच्या भिंतीवर गोल पेशी दिसल्या, आत काळसर कण. डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी वाढतो याचा तो पहिला पुरावा. १९०२ साली त्यांना नोबेल मिळालं. हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे.

पुस्तकात नसलेली गोष्ट पुढच्या वर्षीची. रॉस कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करत होते. तिथे डासांच्या जठरावर त्यांना नेहमीच्या गोल गाठींबरोबर काही काळीकुट्ट, टणक शरीरं दिसली. ही परजीवीची आणखी एखादी अवस्था असावी असं वाटून त्यांनी त्यांना 'काळे बीजाणू' म्हटलं. पुढे अनेक वर्षं लोक त्यावर वाद घालत राहिले. नंतरच्या संशोधकांनी जो अर्थ लावला तो वेगळाच होता. ती परजीवीची अवस्था नव्हे, ती त्याची थडगी. डासानं परजीवीभोवती काळ्या रंगद्रव्याचं, म्हणजे मेलॅनिनचं, कवच चढवून त्याला जागच्या जागी गाडून टाकलं होतं. डासाची प्रतिकारशक्ती रॉस यांच्या डोळ्यांसमोर काचेवर पडली होती, पण तो प्रश्नच त्या काळी कुणाच्या मनात नव्हता.

हे काळे ठिपके कसे दिसतात, तेही सांगतो. हाताचं काम आहे, मुलांना आवडेल. डास थंड करून निपचित करायचा. पंख-पाय काढायचे. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यात डास आडवा. एका सुईनं छाती दाबून धरायची, दुसऱ्या सुईनं पोटाची शेवटची दोन वळी हळूच ओढायची. ओढ जरा जास्त झाली की सगळं तुटतं. माझे पहिले चाळीसेक डास तसेच गेले. जमलं, की आतडं अख्खं बाहेर येतं: पाच बारीक मूत्रनलिका, अंडाशयाची जोडी आणि मध्ये काचेसारखी पारदर्शक पिशवी, तेच जठर. त्यावर मर्क्युरोक्रोमचा थेंब. हो, तेच आपलं गुडघ्याला लावायचं लाल औषध. रक्त पिऊन आठवडा झाला असेल आणि परजीवी जगला असेल, तर फिकट लाल पार्श्वभूमीवर गोल पुट्या दिसतात, आत तपकिरी कणांची रांगोळी. डास जिंकला असेल तर तिथे मोहरीसारखे काळे ठिपके. रंग द्यावाच लागत नाही, ते आपले आपण काळे असतात.

पण बहुतेक वेळा ठिपकाही दिसत नाही, कारण परजीवी विरघळून गेलेला असतो. जरा हिशेब बघा. रक्ताच्या एका घोटात परजीवीच्या नर-मादी पेशी शेकड्यांनी, कधी हजारांनी डासाच्या पोटात जातात. तिथे त्यांचं मीलन होतं आणि साधारण दिवसभरात अळीसारखी सरपटणारी अवस्था तयार होते. हिला ऊकिनीट म्हणतात. ती जठराच्या भिंतीतून आरपार घुसते. पलीकडे पोचून पुटी धरतात अशा किती? निसर्गात बहुधा दोन-चार, पुष्कळदा एकही नाही. परजीवीच्या सगळ्या प्रवासात त्याची संख्या इतकी कमी आणखी कुठेच होत नाही. वाचलेली एक पुटी मात्र दहा-बारा दिवसांत फुगून फुटते आणि हजारो स्पोरोझोइट, म्हणजे परजीवीची पुढची अवस्था, बाहेर पडतात, त्यातले काही लाळग्रंथीत पोचतात. मग तो डास आपल्या कामाचा, म्हणजे आपल्या वाईटाचा. आपल्या देशातल्या रानातले हिवतापवाहक डास पकडून फाडले, तर लाळेत परजीवी असलेला डास सहसा शंभरात एकही निघत नाही. आपल्याला येणारा हिवताप हा डासानं हरलेल्या मोजक्या सामन्यांचा हिशेब आहे.

डास लढतो कसा? त्याच्याकडे आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत. त्याला लस टोचून उपयोग नाही. पण जन्मजात हत्यारं आहेत, आणि ती आपल्या हत्यारांच्या इतकी जवळची आहेत की मला आजही नवल वाटतं. माणसाच्या रक्तात सी-३ नावाचं प्रथिन असतं. घुसखोराला चिकटून त्याच्यावर खूण करायची, हे त्याचं काम. डासाच्या रक्तरसात त्याचाच दूरचा भाऊबंद आहे: टीईपी-१. ऊकिनीट जठराची भिंत ओलांडून पलीकडे डोकं काढते तिथेच टीईपी-१ तिला चिकटतं. त्यानंतर ती एक तर विरघळते, नाहीतर काळी पडते. २००४ साली ब्लांदाँ, लेवाशिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेच्या ॲनोफिलिस गँबियामध्ये हे जनुक गप्प करून पाहिलं. सध्याच्या तंत्रानं एखाद्या जनुकाचा आवाज तेवढा बंद करता येतो, बाकीचा डास तसाच राहतो. तर साध्या डासांमध्ये पुट्या पाचेक पट वाढल्या. परजीवीला कधीच जगू न देणाऱ्या एका वाणात काळे ठिपके नाहीसे झाले आणि तो वाणही परजीवीला शरण गेला. तो प्रतिकारक वाण १९८६ साली अमेरिकेत फ्रँक कॉलिन्स यांच्या गटानं पिढ्यान्पिढ्या निवड करून तयार केला होता, आपण बियाणं निवडतो तसा.

अचलपूरच्या आपल्या स्टीफेन्सायचं हत्यार आणखी वेगळं. १९९८ साली शर्ली लकहार्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की परजीवी पोटात गेला की या डासात नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक चेकाळतं, आणि त्या वायूमुळे परजीवीची वाढ आटोक्यात राहते. हाच रेणू आपल्या शरीरातही जंतूंशी लढायला वापरला जातो. चावणारा आणि चावला जाणारा, दोघंही एकाच शत्रूवर एकच विष फेकतात.

मग परजीवी जगतो कसा? फितुरीवर. टीईपी-१ गप्प करण्याचं ते काम छापून आलं त्याच वर्षी, २००४ साली, संशोधक काफाटोस यांच्या गटाला डासाची अशी जनुकं सापडली की जी गप्प केली तर परजीवी काळे पडून मरतात. म्हणजे एरवी ती परजीवीला पाठीशी घालत होती. त्यातल्या एकाचं नाव सीटीएल-४. घरभेदी. पण हे प्रयोग उंदराच्या हिवतापावरचे होते. माणसाचा फाल्सिपॅरम परजीवी घेऊन आफ्रिकेतल्या रानडासांवर तपासलं तेव्हा ही फितुरी दिसली नाही. प्रयोगशाळेतला उंदीर आणि गावातला माणूस यांत अंतर आहे, हे आम्हा मंडळींना वारंवार शिकावं लागतं. फाल्सिपॅरमची युक्ती दुसरी आहे. त्याच्या अंगावर पीएफएस-४७ नावाचं एक प्रथिन असतं. त्याचा आकार त्या भागातल्या डासाला जुळला तर टीईपी-१ ला परजीवी ओळखूच येत नाही. आफ्रिकेतला परजीवी आफ्रिकेच्या डासात दडतो, परमुलखातल्या डासात पकडला जातो. कुलूप आणि किल्ली. परजीवी जिथे गेला तिथे त्यानं तिथली किल्ली घडवून घेतली.

आता गोठ्याकडे वळू. खेड्यातला हिवताप मुख्यतः दुसरा डास पसरवतो, ॲनोफिलिस क्युलिसिफेसीज. पाटाच्या कडेचं पाणी, नदीच्या वाळूतली डबकी ही त्याची जागा, आणि जेवणात पहिली पसंती गुरांना. आपल्याकडून ऊसतोडीला गेलेली माणसं पाटाकाठी कोप्या घालून राहतात, दारात बैल बांधलेले. रात्रीच्या अंधारात तो डास बैलावर बसतो की माणसावर, यावर पुष्कळ काही ठरतं. या एका नावाखाली दिसायला हुबेहूब सारख्या पाच जाती आहेत, ए, बी, सी, डी, ई. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, गुणसूत्रं पाहावी लागतात. यातली बी जात हिवताप जवळजवळ पसरवत नाही. ती गुरांवर अधिक जगते हे एक कारण. दुसरं कारण तिच्या जठरात आहे. दिल्लीच्या मलेरिया रिसर्च सेंटरमध्ये अडक, सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बी जातीच्या एकेका मादीची संतती वेगळी वाढवून एक असा वाण मिळवला की ज्यात व्हायव्हॅक्सचा परजीवी पुटी धरतो आणि काळा पडून मरतो. काम २००६ साली छापून आलं. व्हायव्हॅक्स म्हणजे दिवसाआड थंडी वाजून येणारा ताप, आपल्या आज्यांचा एकांतरा. कॉलिन्सना निवड करून घडवावा लागला तसा डास आपल्या रानात आपसूक होता.

या कथेत पुणंही आहे. डासाच्या पोटात जिवाणू असतात, आणि रक्त प्यालं की ते झपाट्यानं वाढतात. डासाची प्रतिकारयंत्रणा खरं तर त्यांच्यासाठी जागी राहते, परजीवी मधल्या मध्ये भरडला जातो. पोटातले जिवाणू प्रतिजैविकांनी मारले तर परजीवीचं फावतं, हे २००९ साली संशोधक दिमोपुलोस यांच्या गटानं दाखवलं. त्याच्या आधीच पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांचा गट क्युलेक्स डासाच्या पोटातल्या जिवाणूंची शिरगणती करत होता. हत्तीरोग पसरवणारा, गटारीतला तो क्युलेक्स. २००२ साली त्यांनी तिथला एक जिवाणू नवी जात म्हणून नोंदवला: एरोमोनास क्युलिसिकोला, म्हणजे डासात राहणारा. काही वर्षांनी तो आधीच माहीत असलेल्या एका जातीतच मोडतो असं ठरलं आणि नाव गेलं. नाव गेलं म्हणून काम जात नाही. डासाचं पोट ही एक वस्ती आहे, हे आपल्याकडे पाहणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते होते.

डीडीटीविषयी बोललो नाही तर ज्येष्ठ मंडळी रागावतील. खाकीतला मलेरियावाला, पाठीवर पंप, भिंतीवर गेरूनं लिहिलेली तारीख. फवारणी झाली की घरात तो उग्र वास, आणि चार दिवसांत आई भिंत शेणामातीनं सारवून घ्यायची, कारण पांढरे डाग दिसायचे. डीडीटी गेलं सारवणाखाली. तरी आकडे बघा: स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा, आठ लाख मरायचे. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ च्या आसपास रुग्ण लाखभरावर आले. १९७६ साली ते पुन्हा चौसष्ट लाख झाले. पैसा आटला, लक्ष उडालं, हे खरंच. पण क्युलिसिफेसीज डीडीटीला दाद देत नाही, ही पहिली नोंद १९५९ सालीच झाली होती, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहालातून. विष पचवणारे डास आधीही होते, थोडे. बाकीचे आपण मारले आणि शेत त्यांना मोकळं करून दिलं.

म्हणून मला वाटतं, डासाला नुसतं मारत सुटणं हा अर्धाच विचार आहे. एका बैठकीत मी प्रतिकारक जनुकांविषयी बोललो, तर एक अधिकारी म्हणाले, "डास मारायचा असतो, त्याच्याशी मैत्री काय करायची?" मैत्री नाही. पण आपला शत्रू ज्याचाही शत्रू आहे, त्याच्याकडे किती दारूगोळा आहे हे तरी मोजायला नको?

आता मोजलं जातंय. डासाच्या एफआरईपी-१ नावाच्या प्रथिनाचा परजीवीला जठराची भिंत ओलांडताना आधार मिळतो. या प्रथिनात २२४ व्या जागी ल्युसिनऐवजी ग्लुटामिन आलं, की परजीवी अडतो. हा बदल काही रानडासांत मुळातच आहे. २०२५ साली इथन बियर आणि दिमोपुलोस यांच्या गटांनी तो बदल स्टीफेन्सायमध्ये घालून पुढच्या पिढ्यांत झपाट्यानं पसरेल अशी व्यवस्था प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यांत करून दाखवली. जीन ड्राइव्ह म्हणतात याला. डास मरत नाहीत, हिवताप पसरवायचे थांबतात.

ऐकायला फार छान. मी मात्र जरा हात राखून आहे. प्रतिकार फुकट मिळत नाही. लढण्यावर जोर गेला की अंडी कमी होतात, हे डासात मोजलेलं आहे. जास्त दूध देणारी संकरित गाय उन्हाळ्यात कशी धापा टाकते, ते इथे कुणाला समजावून सांगायला नको. शिवाय परजीवी नवी किल्ली घडवणारच. आणि तिसरी गोष्ट माणसांची. १९७० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, यांचं डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र दिल्लीत होतं. १९७५ साली सोनीपतमध्ये वंध्य केलेले एडिस नर सोडायची तयारी पूर्ण झाली होती. परदेशी लोक जैविक युद्धाची माहिती गोळा करताहेत असा गवगवा झाला, संसदेच्या समितीत प्रश्न गेले, प्रयोग थांबला, केंद्र बंद पडलं. विज्ञानात फार खोट नव्हती. लोकांना वेळेवर, त्यांच्या भाषेत सांगितलं नव्हतं. त्यानंतर २०१७ साली जालना जिल्ह्यात दावलवाडीला जनुक बदललेल्या एडिस नरांच्या पिंजऱ्यातल्या चाचण्यांचा प्रारंभ झाला. तो डेंग्यूचा डास, आणि डेंग्यू विषाणूचा, म्हणजे आजच्या विषयाबाहेरचा. पण दावलवाडी आपल्यापासून किती लांब आहे? उद्या कुणी स्टीफेन्साय घेऊन पाथर्डीत आलं, तर ग्रामसभेत कोणते प्रश्न विचारायचे हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. किती पिढ्या टिकेल, मागे घेता येईल का, आणि फसलं तर निस्तरायचं कुणी?

तोवर टिपाडावर कापड बांधा, आठवड्यातून एकदा ते रिकामं करून घासून वाळवा. पाणी ओतून द्यायचं जिवावर येतं, मला ठाऊक आहे. झाडांना घाला.

वेळ संपत आली. मागे, दाराजवळच्या टेबलावर, मी एक सूक्ष्मदर्शक मांडून ठेवलाय. त्यात एका जुन्या सहकाऱ्यानं दिलेली काचपट्टी आहे, डासाचं जठर, त्यावर सात काळे ठिपके. रॉसना दिसले होते तसे. पाहताना एक डोळा मिटायचा, पट्टीला हात लावायचा नाही, आणि आधी पोरांना पाहू द्या. गुरुजींचं भिंगही त्यांच्या घरच्यांनी शेजारी आणून ठेवलंय, ओरखड्यांसकट.